लाल सीलची पेटी

न्याथांडोच्या आरोग्य केंद्रात सगळ्यात जास्त मान होता तो एका पांढऱ्या प्लास्टिकच्या पेटीला. केंद्रप्रमुख लेटन चिपोजोलाला गावातले लोक ‘डॉक्टर’ म्हणत आणि अकरा वर्षं बाळंतपणं करणाऱ्या सिस्टर फायनेसी गोबाला वाटेत थांबून नमस्कार करत, पण पेटीची सर दोघांनाही नव्हती. बाळंतपणाच्या खोलीत, पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर ती बसलेली असे. कडीला लाल सील, सीलवर नंबर आणि तोच नंबर भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेला. झाडलोट करणारी बाई सकाळी आली की आधी पेटी पुसायची आणि मग फरशी.

पेटीत जीव वाचवायचं सामान होतं. बाळंतिणीला झटके आले, अंगावरून रक्त जायला लागलं, तर ऐनवेळी शोधाशोध नको, सगळं एका जागी हाताशी असावं, म्हणून ती ठेवलेली. कल्पना चांगलीच होती. कुणा शहाण्या माणसाने ती काढली असणार याबद्दल फायनेसीला शंका नव्हती. फक्त तो शहाणा माणूस शिरे नदीच्या या खोऱ्यात, ऑक्टोबरच्या दुपारी, पत्र्याखाली कधी तासभर उभा राहिला नसावा.

पूर्वी सरकार पाठवेल ते औषध आणि येईल तेव्हा पगार, यावर केंद्र चालायचं. म्हणजे चालायचं नाहीच. मग परदेशी पैशाचा प्रकल्प आला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: काम दाखवा, पैसे घ्या. दर तीन महिन्यांनी तपासनीस येत, हातात बावीस पानांची यादी. हात धुवायला साबण आहे का, दोन गुण. खिडकीला पडदा आहे का, एक गुण. कुंपण, कचऱ्याचा खड्डा, संडासाचं दार, सगळ्याला गुण. पेटीला दहा गुण, पण आतली एक वस्तू जरी कमी भरली तरी दहाच्या दहा गेले. जितके गुण तितके पैसे.

खोटं कशाला बोलायचं, त्या पैशाने पुष्कळ काही आलं. त्याआधी फायनेसीने मोबाइलचा दिवा दातात धरून बाळंतपणं केली होती. आता सौर दिवा होता, पाण्याची टाकी होती, रुग्णवाहिकेच्या डिझेलचा खर्च निघत होता. वाट बघणाऱ्या गरोदर बायकांसाठी अंगणापलीकडे दोन खोल्यांचं घर झालं होतं. शेवटच्या महिन्यात बायका तिथे येऊन राहत. बरोबर आई नाहीतर सासू असे, ती चुलीवर मक्याच्या पिठाची न्सिमा घोटून घाली. कर्मचाऱ्यांनाही त्या पैशातला वाटा मिळे आणि फायनेसीच्या वाट्यावर तिची मुलगी शहरातल्या वसतिगृहात शिकत होती. म्हणजे पेटीचं मीठ तीही खात होती.

अडचण एकच होती. पेटीतल्या सामानात रक्त थांबवायच्या इंजेक्शनच्या चार कुप्या होत्या आणि त्या कुप्यांना थंडी लागते. केंद्रात फ्रिज होता, पण तो लशींचा. लशींचा प्रकल्प वेगळा, पैसे वेगळे, तपासनीस वेगळा. गेल्या वर्षी त्या तपासनिसाला फ्रिजमध्ये या कुप्या सापडल्या तेव्हा त्याने वहीत लाल शाईने लिहून ठेवलं, की लशीशिवाय दुसरं काहीही इथे दिसलं तर फ्रिज काढून नेण्यात येईल. तेव्हापासून कुप्या पेटीत गेल्या.

“साहेब, ही कुपी थंडीत राहायला हवी,” फायनेसी तेव्हा म्हणाली होती. “या उकाड्यात तिचं पाणी होतं.”

चिपोजोला हसला होता. “सिस्टर, फ्रिजमध्ये ठेवली तर लसवाले बोंबलतात. पेटीत नाही दिसली तर पेटीवाले शून्य देतात. आता काय डोक्यावर घेऊन फिरू?”

“दोन इकडे, दोन तिकडे ठेवू.”

“यादीत चार लिहिलंय. चार म्हणजे चार.”

“मग जास्तीच्या मागवा ना.”

“मार्चपासून मागवतोय. रक्त थांबवायच्या गोळ्याही मागवल्यात. गोदामवाले म्हणतात, येतील. येतील म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय.”

फायनेसीने ते एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. दर तिमाहीला पेटीला दहापैकी दहा मिळत गेले आणि वापरायची वेळ न आल्यामुळे कुप्याही त्याच राहिल्या.

एलुबे आजीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती गावची सुईण. तीस वर्षं तिने चटईवर बायका मोकळ्या केल्या. मग घरी बाळंत व्हायचं नाही असा नियम आला आणि मुखियाने दवंडी पिटवली, की घरी बाळंत झाली तर त्या घराला एक बकरी दंड. तरी बायका लपूनछपून एलुबेकडे जात. शेवटी चार वर्षांपूर्वी फायनेसी स्वतः तिच्या अंगणात जाऊन बसली.

“आजी, तुमच्या हाताला गुण आहे, मी नाही म्हणत नाही,” ती म्हणाली होती. “पण रक्त जायला लागलं तर तुम्ही काय करता?”

“पोट चोळते. देवाचं नाव घेते.”

“आणि थांबलं नाही तर?”

तीस वर्षांत न थांबलेल्या पाच जणी एलुबेला नावानिशी आठवत होत्या.

“आमच्याकडे औषध आहे,” फायनेसी म्हणाली होती. “एक सुई टोचली की थांबतं. मी माझ्या हाताने थांबवलंय. तुम्ही त्यांना माझ्याकडे आणा.”

आणि एलुबेने आणल्या. पुढच्या चार वर्षांत कुणाची सून, कुणाची लेक, एकेकीला हाताला धरून तिने केंद्रावर पोचवलं. आपला धंदा आपल्या हाताने बुडवला आणि त्याबद्दल केंद्राकडून तिला एक टी-शर्ट मिळाला. तो ती फक्त रविवारी चर्चला घालायची.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती स्वतःच्या लेकीला घेऊन आली. मालिताचं हे तिसरं. जावई उसाच्या मळ्यावर तोडणीला होता, त्यामुळे बरोबर आईच राहिली. मालिता हसरी, थोडी आगाऊ. वाट बघायच्या घरात बसल्या बसल्या ती सगळ्यांच्या नकला करायची. चिपोजोलाची चाल तर अशी करायची, की एकदा तो मागे येऊन उभा राहिला तरी हिचं चालूच.

“डॉक्टर, पोट पुढे काढून चालायला मला नऊ महिने लागले,” ती म्हणाली होती. “तुम्हाला किती लागले?”

सोमवारी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. बुधवारी तपासनीस यायचे होते, म्हणून केंद्रात कुंपण रंगवायचं काम चाललं होतं. बारा वाजता मुलगी झाली, चांगली तीन किलोची, खणखणीत रडणारी. फायनेसीने बाहेर डोकावून एलुबेला सांगितलं. आजीने चुलीपाशी उभं राहून जीभ हलवत आनंदाचा आवाज काढला, तसा कुंपणावर ब्रश मारणारा माणूसही हसला.

वार पडली आणि रक्त सुरू झालं.

पहिली दोन मिनिटं फायनेसीला काही वाटलं नाही, कारण ते नेहमीच येतं. तिसऱ्या मिनिटाला तिने मालिताच्या पोटावर हात ठेवला. आतली पिशवी आवळून घट्ट व्हायला हवी होती, ती भिजल्या फडक्यासारखी मऊ होती. तिने पोट चोळायला सुरुवात केली आणि चिपोजोलाला हाक मारली. तो धावतच आला. त्याची नजर आधी फरशीवर गेली आणि मग फळीवरच्या पेटीवर.

“तोडा,” तो म्हणाला. त्याच्याबद्दल एवढं तरी म्हणायला हवं, की तो थांबला नाही. त्याने स्वतःच कात्री घेऊन सील तोडलं आणि कुपी फायनेसीच्या हातावर ठेवली.

कुपी चहाच्या कपाइतकी कोमट होती. फायनेसीला त्याच क्षणी कळलं. तरी तिने सुई भरली, कारण दुसरं काही नव्हतं. टोचली. पोट चोळलं. काही नाही. दुसरी कुपी टोचली. तिसरी सलाइनच्या बाटलीत घातली. चौथी घातली. मूठ आत घालून, दुसरा हात वरून दाबून ती उभी राहिली. घाम तिच्या नाकावरून मालिताच्या मांडीवर पडत होता. तिने हात सैल केला की रक्त पुन्हा यायचं.

दाराबाहेरून एलुबेने विचारलं, “सिस्टर, सुई दिली ना?”

“दिली आजी.”

“मग थांबेल,” एलुबे शेजारच्या बायकांना म्हणाली. “ती एक सुई आहे त्यांच्याकडे. थांबतं तिनं.”

मालिता शुद्धीवर होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. “सिस्टर, मला थंडी वाजतेय,” ती म्हणाली. खोलीत उभं राहवत नव्हतं इतकं गरम होत होतं आणि तिला थंडी वाजत होती.

रुग्णवाहिका जिल्ह्याहून यायला दीड तास लागला. फायनेसी तशीच मूठ आत ठेवून तिच्याबरोबर गाडीत बसली, एलुबे तान्हं पोर छातीशी घेऊन समोर. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे मालिताने डोळे फिरवले आणि गाडीतल्या गाडीत ती गेली. फायनेसीने तरी पूल ओलांडेपर्यंत हात काढला नाही.

मंगळवारी चिपोजोला मोटारसायकल काढून स्वतः जिल्ह्याला गेला. गेल्या वर्षीच्या मार्चपासून जे गोदामात नव्हतं ते त्याने कुणाचे तरी पाय धरून एका दिवसात मिळवलं: चार कुप्या, बर्फाच्या डब्यातून. संध्याकाळी तो आला, बर्फाचा डबा उघडला आणि गार कुप्या उचलून पेटीत ठेवल्या. नवं सील घातलं. तक्त्यावरचा जुना नंबर पुसून नवा लिहिला. फायनेसी दारात उभी राहून बघत होती.

“साहेब, कालच झालंय,” ती म्हणाली.

“उद्या तपासनीस आहेत.”

“परवा काढाल?”

“परवा बघू.” मग त्याने मृत्यूचा कागद तिच्यापुढे सरकवला. “हा आजच जायला हवा. बाई रस्त्यात गेली, त्यामुळे आपल्या केंद्राच्या नावावर ती धरत नाहीत. कारण तेवढं लिहायचंय.”

कारण त्याने लिहिलेलंच होतं. ‘नातेवाइकांनी पाजलेल्या झाडपाल्याच्या औषधामुळे अतिरक्तस्राव.’

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“एलुबेनंच. काल गाडीतून उतरतानाही सारखं बडबडत होती ना. शनिवारी पोरीला कळांची मुळी उकळून एक घोट दिला म्हणून.”

फायनेसीनेही ते ऐकलं होतं. आजी सबंध रस्ताभर मेलेल्या लेकीचे पाय चोळत तेच म्हणत होती. मालितानेच हट्ट केला होता, की लवकर सुटका कर, इथली न्सिमा खाऊन कंटाळले.

“एका घोटानं नाही गेली ती,” फायनेसी म्हणाली. “कुप्या मेलेल्या होत्या, साहेब. तुम्हाला माहितीय आणि मलाही माहितीय.”

चिपोजोलाने खुर्ची ओढून घेतली. तो दमलेला दिसत होता. “लिहा मग. लिहा, की औषध खराब होतं. दहा गुण जातील आणि वर चौकशी लागेल. चौकशी होईतो प्रकल्पाचे पैसे बंद. पैसे बंद म्हणजे डिझेल बंद. पुढच्या वेळी जी बाई अडेल ती पुलापर्यंतसुद्धा पोचणार नाही. चालेल तुम्हाला?”

फायनेसीने कागद हातात घेतला.

“तुमच्या मुलीचं हे शेवटचं वर्ष ना?” त्याने विचारलं. धमकीने नाही, अगदी आपलेपणाने. त्यामुळे तर ते जास्त लागलं.

तिने सही केली. नंतर पुष्कळदा तिने स्वतःला समजावलं, की सही डिझेलसाठी केली. पण सही करताना तिच्या डोळ्यांपुढे डिझेल नव्हतं, मुलीच्या शाळेचा निळा गणवेश होता.

बुधवारी तपासनीस आले. ताज्या रंगाचं कुंपण, साबण, पडदे. पेटीचं सील त्यांनी उघडून पाहिलं, कुप्या चार भरल्या, तारखा अजून लांबच्या होत्या. पेटीत किती गरम होतं याचा रकाना यादीत नव्हता. नवीन सील घालून, त्याचा नंबर तक्त्यावर लिहून ते गेले. शंभरात शहाण्णव गुण पडले, जिल्ह्यात सगळ्यात जास्त.

परवा झालं, पुढचा आठवडा झाला, कुप्या तिथेच राहिल्या. फायनेसी रोज फळीकडे बघायची. सील तोडण्यापासून तिचा हात कुणी धरला नव्हता. पण तोडलेल्या सीलचं कारण वहीत लिहावं लागतं, आणि काय लिहायचं हे तिला सुचत नव्हतं. भित्र्या माणसाला असा एखादा रकाना पुरतो.

तीन आठवड्यांनी बक्षीस समारंभ ठरला. राजधानीतून प्रकल्पाचे पाहुणे येणार होते. अंगणात मांडव पडला, भाड्याच्या खुर्च्या आल्या. मुखियाने मोठ्या मनाने एक बकरी दिली आणि गावच्या बायकांच्या मंडळाने स्वयंपाक उचलला. झाडाखाली तीन चुली पेटल्या. ऊन असं होतं, की पाहुण्यांपैकी एक बाई मांडवातसुद्धा छत्री उघडून बसली.

मांडवात भाषणं चालू झाली. चिपोजोलाने कोट घातला होता. ‘आमच्या केंद्रात या तिमाहीत एकही मातामृत्यू नाही’ असं तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. कागदावर ते खरं होतं. मृत्यू रस्त्याच्या नावावर गेला होता.

फायनेसी मागे, स्वयंपाकाच्या बाजूला एका उलट्या बादलीवर बसली होती. तिला भूक नव्हती. तेवढ्यात समोर ताटली आली. न्सिमा आणि बकरीच्या मटणाचे चार तुकडे. तिने वर पाहिलं. एलुबे होती. पाठीवर कापडात बांधलेली नात, अंगात केंद्राचा टी-शर्ट. तीन आठवड्यांत तिचा चेहरा ओळखू येऊ नये इतका खाली बसला होता.

“पाहुण्यांच्या आधी तू खा,” एलुबे म्हणाली. “पुलापर्यंत हात काढला नाहीस तू. मी बघितलं.”

कुणी वाढलेलं अन्न नाकारणं तिथे कुणाच्या तोंडावर थुंकण्यासारखं धरतात. फायनेसीने एक तुकडा तोंडात घातला. मांस मऊ शिजलं होतं.

“बरं झालंय का? माझ्या काळीचं आहे.”

“तुमच्या?”

“मुखियानं दंड केला ना. मुळी पाजल्याचा. इथून कागद गेला होता म्हणे त्याच्याकडे. त्यात लिहिलंय, मुळीनंच गेली म्हणून.” एलुबे तिच्याजवळ खाली मातीत बसली आणि पाठीवरचं पोर मांडीवर घेतलं. “बकरीचं काय, गेली तर गेली. मुखियाला पाहुण्यांपुढे मिरवायला झाली. पण मी रात्रंदिवस विचार करते सिस्टर, तीस वर्षं मी तीच मुळी देतेय. कुणी मेलं नाही. आणि आपल्या पोटच्या पोरीलाच कशी बाधली? कुठल्या हातानं दिली मी? या हातानं हिला दूध पाजायलासुद्धा मला भीती वाटते.”

फायनेसीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तो गिळायचा की थुंकायचा हे तिला कळेना. शेवटी तिने तो गिळला.

“आजी,” ती म्हणाली, “मुळीनं नाही गेली मालिता.”

एलुबेने मान वर केली.

“आमची सुई मेलेली होती. ती औषधाची कुपी गार ठेवावी लागते. आम्ही ती वर्षभर त्या पेटीत उकाड्यात ठेवली होती. तपासनिसांना दाखवायला. मी चारही टोचल्या, पण त्यात पाणीच उरलं होतं.”

“तुला कधी कळलं?”

“मला आधीपासून माहीत होतं.”

“आणि तो कागद?”

“डॉक्टरांनी लिहिला. सही माझी आहे.”

मांडवात पुन्हा टाळ्या वाजल्या. एलुबेने नातीच्या तोंडावरची माशी उडवली. ती ओरडेल, ताटली अंगावर फेकेल, असं फायनेसीला वाटलं आणि मनातून तिला तेच हवं होतं. पण म्हातारी बराच वेळ नुसती आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली. मग तो हात तिने नातीच्या डोक्यावर ठेवला, मालिताच्या मरणानंतर पहिल्यांदाच असावा तसा, सावकाश.

“ती पोरगी आहे ना आत, झिओन्या,” ती वाट बघायच्या घराकडे बोट करत म्हणाली. “मीच आणलीय. सकाळपासून कळा चालू आहेत.”

“माहितीय. मी तासाभरापूर्वी तपासलं. वेळ आहे अजून.”

“आता काय आहे त्या पेटीत?”

“नव्या कुप्या आहेत.”

“गार आहेत?”

फायनेसीने मान खाली घातली. “तीन आठवडे तिथंच आहेत. पण पूर्ण बिघडल्या नसतील. पाहुण्यांना पेटी दाखवायचीय. ते गेले की मी लगेच फ्रिजमध्ये ठेवते.”

“कधी जाणार पाहुणे?”

फायनेसीने मांडवाकडे पाहिलं. पाहुण्यांच्या हातावर आता कुठे पाणी घालत होते. “जेवून जातील,” ती म्हणाली.

एलुबे उठली. नातीला तिने पुन्हा पाठीला बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली आणि अंगण ओलांडून गेली. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात झिओन्याचं गाठोडं होतं आणि दुसऱ्या हाताने तिने झिओन्याला धरलं होतं. पोरगी दर वीस पावलांवर थांबून वाकत होती. दोघी फाटकाच्या दिशेने निघाल्या.

फायनेसी धावत गेली आणि फाटकापाशी आडवी उभी राहिली. “आजी, असं नका करू. घरी काही झालं तर?”

“झालं तर पोट चोळीन आणि देवाचं नाव घेईन. तेवढं तरी ताजं असतं.”

“मुखिया पुन्हा दंड करेल.”

“करू दे की. माझ्या गोठ्यात आता खुंटाच उरलाय. तो ने म्हणावं.” एलुबेच्या आवाजात राग नव्हता. “माझ्या अंगणात येऊन बसली होतीस, आठवतं? तेव्हा काय म्हणालीस ते आता म्हण. म्हण, आमच्याकडे औषध आहे. माझ्या डोळ्यात बघून म्हण, मी इथूनच मागे फिरते.”

झिओन्या फाटकाच्या खांबाला धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होती. सोळा-सतरा वर्षांची असेल. पहिलटकरीण. तिला यातलं काही कळत नव्हतं. कुणीतरी लवकर काय ते ठरवावं, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

फायनेसीने तोंड उघडलं. चार वर्षांपूर्वी हे वाक्य किती सहज आलं होतं. ती तेच घेऊन घरोघर फिरली होती, अंगणाअंगणात, चुलीचुलीपाशी. आता ते आलं नाही.

एलुबेने थोडी वाट बघितली. मग तिने फायनेसीला हलकेच बाजूला सारलं आणि झिओन्याला घेऊन ती उन्हात रस्त्याला लागली. नव्या रंगाच्या कुंपणावर काळ्या बकरीचं कातडं वाळत घातलं होतं. त्याच्याजवळून जाताना तिने तिकडे बघितलं नाही.

“सिस्टर गोबा,” मागून चिपोजोलाची हाक आली. “कुठे आहात? पाहुण्यांना पेटी बघायचीय.”

फायनेसी वळली. हात धुतले, ॲप्रन नीट केला आणि बाळंतपणाच्या खोलीत गेली. तिने पेटी दोन्ही हातांनी फळीवरून उचलली. ती हाताला गरम लागत होती. मागोमाग आत आलेल्या छत्रीवाल्या बाईने चष्मा लावून सीलवरचा नंबर वाचला आणि भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाहिला. नंबर बरोबर जुळत होता.